शुक्रवारी स्लॅब आहे

गुरुवारी दुपारी चार वाजता सहाव्या मजल्याच्या छतावर तीस-पस्तीस माणसे एकाच वेळी कामाला भिडली आहेत. सुतार कडेच्या प्लायला खालून आधार ठोकताहेत. फिटर उकिडवे बसून सळयांच्या जाळीला तार पिळताहेत, आणि इलेक्ट्रिशियनचा हेल्पर त्याच जाळीखालून पीव्हीसी पाइप सरकवतोय. पोस्ट-टेन्शनिंगवाले, म्हणजे स्लॅबमधल्या पोलादी केबल ताणणारे, दोघे त्या केबलच्या चपट्या डक्टची उंची टेपने पुन्हा मोजताहेत. खाली पुण्याच्या बाणेर भागातला रस्ता वाहनांनी तुंबला आहे. उद्या सकाळी सहाला त्याच रस्त्याने काँक्रीटची पहिली गाडी गेटवर यायची आहे.

शुक्रवारचा हिशेब तसा सोपा. मजल्याचे दोन भाग केलेत, त्यातल्या पहिल्या भागाला २४० घनमीटर काँक्रीट लागेल. एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये सहा घनमीटर माल येतो, म्हणजे चाळीस गाड्या. पंपाने तासाला तीस घनमीटर उचलले तर आठ तासांत काम आटोपते, पण त्यासाठी दर बारा मिनिटांना एक गाडी रिकामी व्हायला हवी. तयार काँक्रीटचे भारतीय मानक, आयएस ४९२६, सांगते की प्लांटवर माल भरल्यापासून दोन तासांत तो उतरला पाहिजे. गाडी वाहतुकीत अडकली, की आधी टाकलेला माल धरायला लागतो आणि जुन्या-नव्याच्या मधे कच्चा सांधा पडतो. गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असलेले रस्ते टाळून मार्ग आखायचा, पंप बंद पडला तर दुसरा कुठून येईल ते आधीच विचारून ठेवायचे, पावसाचा अंदाज पाहायचा, ही सगळी कामे याच आठवड्यातली.

आणि एवढे सगळे जुळून आले तरी एका कागदाशिवाय पंप सुरू होत नाही. त्याला पोर कार्ड म्हणतात. सेंट्रिंग, सळई, पोस्ट-टेन्शनिंग, वीज, प्लंबिंग, अग्निशमन अशा प्रत्येकाने आपले काम तपासून त्यावर सही करायची. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सहापैकी चार सह्या झाल्यात. विजेचे पाइप तासाभरात होतील. अग्निशमनवाला मात्र सही करायला तयार नाही. त्याच्या हातातल्या नकाशात पूर्वेकडच्या बीममधून स्प्रिंक्लरचा पाइप जातो, आणि बीममध्ये त्यासाठी स्लीव्हच, म्हणजे पाइप जायची वाटच, ठेवलेली नाही.

या दिवाळी अंकासाठी ‘उभारणी’ हा विषय निघाला, तेव्हा डोळ्यांपुढे आल्या त्या क्रेन, काचा आणि मजल्यांची संख्या. साईटवर उभे राहिले की लक्ष दुसरीकडेच जाते. सळई बांधायला जितका वेळ लागतो तितका लागतोच, सुतारही आपला वेग सांभाळून असतो. दिवस हरवतात ते एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होण्याच्या मधे. नकाशा आला नाही, निर्णय झाला नाही, बिल निघाले नाही, आधीच्या गँगने जागा मोकळी केली नाही. प्रकल्प व्यवस्थापनाच्या नावाखाली जे काही चालते, त्याचा मोठा भाग म्हणजे या मधल्या जागेची राखण आहे.

जमिनीला हात लागण्याआधी

ऑफिसची इमारत बाहेरून काचेची दिसते, पण तिचा सांगाडा बऱ्याचदा तळघरातल्या मोटारी ठरवतात. एका गाडीला अडीच मीटर रुंद जागा धरली तर तीन गाड्यांना साडेसात मीटर लागतात. त्यात खांबाची जाडी आणि थोडी मोकळीक मिळवली की आकडा साधारण ८.४ मीटरवर येतो. म्हणूनच देशभरातल्या कितीतरी ऑफिस इमारतींचे खांब एकमेकांपासून याच्या आसपास उभे दिसतात. हे अंतर तळघरात ठरले की वरच्या मजल्यावर टेबले कशी लागतील, बीम किती खोल जाईल, पोस्ट-टेन्शनिंग घ्यायचे का, हे ओघाने ठरत जाते. पुढे भाडेकरू आला आणि त्याला खांब आडवा आला, तर त्यावर उपाय नसतो.

परवानग्यांचा रस्ता याच्याच बरोबरीने चालू असतो. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२०पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. चटईक्षेत्र, जिन्यांची रुंदी, पार्किंग, बाजूची मोकळी जागा हे सगळे तिच्यातून निघते. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. उंचीसाठी विमानतळाचा दाखला. पुण्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे तो संरक्षण खात्याकडून आणावा लागतो. अग्निशमन दलाची प्राथमिक संमती वेगळी, झाडे तोडायची तर त्याची वेगळी.

यातला एखादा कागद दोन महिने उशिरा आला तर काम दोन महिने लांबले, असे बाहेरच्याला वाटते. महाराष्ट्रात ते तितके सरळ नसते. परवानगी जानेवारीत मिळाली तर जूनच्या आत खोदकाम उरकून तळघर वर आणता येते. तीच मार्चमध्ये आली, की अर्धा खोदलेला खड्डा पावसाळ्यात सापडतो. मग पंप लावून बसायचे, कडा ढासळू नयेत म्हणून जपायचे आणि खऱ्या कामाला दसऱ्याची वाट पाहायची. कागदावरचे दोन महिने जमिनीवर सहज पाच-सहा होतात. म्हणून अनुभवी नियोजक वेळापत्रक मांडताना आधी जून महिना आखून घेतो आणि तिथून उलटा मागे येतो.

खड्डा

पुणे आणि मुंबई दोन्ही बेसॉल्टवर उभी आहेत. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण पायाला उत्तम, पण खोदणाऱ्याची परीक्षा पाहणारा. भर वस्तीत सुरुंग लावता येत नाही, म्हणून ब्रेकर दिवसचे दिवस खडखडत राहतात. बोअर घेऊन जमिनीचा अहवाल तयार केलेला असतो, तरी दोन बोअरच्या मधे खडक कुठे वर येईल आणि कुठे खाली जाईल हे खोदल्यावरच कळते. खोदकामाचे दर मुरुमाला वेगळे, कठीण खडकाला वेगळे. साहजिकच साईटवरचा पहिला मोठा वाद बहुधा याच मोजणीवरून होतो.

पाण्याचा धोका त्या मानाने कमी दिसतो. जमिनीतल्या पाण्याची पातळी तळघराच्या तळाहून तीन मीटर वर असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे तीन टनांनी पाणी इमारतीला वर ढकलते. एक मीटर जाडीच्या राफ्टचे, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबचे, वजन साधारण अडीच टन. म्हणजे नुसता राफ्ट घालून पंप बंद केले, तर तो उचलला जाऊ शकतो. पुरेसे मजले चढून वजन येईपर्यंत रात्रंदिवस पाणी उपसत राहावे लागते. डिझेल वाचवायला किंवा सुट्टी आहे म्हणून कोणी पंप बंद करू नये, एवढ्यासाठी रात्रपाळीला माणूस ठेवलेला असतो. वेळापत्रकाच्या तक्त्यात त्याच्या नावाची ओळ नसते.

खड्ड्याच्या कडेला काय आहे, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे. २९ जून २०१९च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि मुलांसह पंधरा जण मेले. पावसाळा सुरू झाला होता. माणसे कुठे झोपतात याचा नकाशा काढून त्यावर सही घेण्याची पद्धत असती, तर त्या जागेवर फुली पडली असती.

दुसरी घटना व्यापारी इमारतीच्याच साईटवरची. ३ फेब्रुवारी २०२२च्या रात्री येरवड्याच्या शास्त्रीनगरमध्ये पायाच्या कामावर सळयांची जाळी कोसळली आणि पाच कामगार गेले. जाड राफ्टमध्ये सळयांचे दोन थर असतात, एक तळाशी आणि एक वर. वरचा थर काँक्रीट पडेपर्यंत सळईच्याच वाकवलेल्या आधारांवर उभा असतो. साईटवर त्यांना चेअर म्हणतात. मोठ्या राफ्टमध्ये या वरच्या थराचे वजन टनांत जाते, आणि त्यावर माणसे चालत असतात. कायमच्या सळईचा नकाशा आरसीसी सल्लागार देतो. चेअर किती, किती अंतरावर, आडवा ताण कोण घेणार, हे मात्र अनेक साईटवर कोणाच्याच नकाशात नसते. सल्लागार म्हणतो ते ठेकेदाराचे, ठेकेदार म्हणतो मुकादमाला ठाऊक आहे. सेंट्रिंग, परांची, खड्ड्याचे आधार, चेअर या सगळ्या तात्पुरत्या गोष्टी इमारत झाल्यावर दिसत नाहीत, आणि बांधकामावरच्या मोठ्या अपघातांत त्यांचेच नाव पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक तात्पुरत्या कामाला स्वतःचा नकाशा आणि त्यावर एका जबाबदार माणसाची सही, एवढी एक सवय जरी इथल्या साईटना लागली तरी जीव वाचतील.

चारशे दहा दिवस

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १७ मार्च १९३० रोजी सुरू झाली आणि १ मे १९३१ रोजी तिचे उद्घाटन झाले. १०२ मजले, ४१० दिवस. तिच्या उंचीचे कौतुक खूप झाले. बांधकामातल्या माणसांना मात्र आजही त्या साईटची मांडणी जास्त ओढते. स्टारेट ब्रदर्स अँड एकेन या ठेकेदाराकडे माल साठवायला जागाच नव्हती, कारण चारही बाजूंना गजबजलेले मॅनहॅटन होते. म्हणून आज लागणारा माल आजच यायचा. ट्रक थेट इमारतीच्या आत यायचे. पोलादाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कुठे बसणार आणि कोणती क्रेन तो उचलणार याची खूण आधीच घातलेली असे. मजल्यामजल्यावर छोटे रूळ टाकून ढकलगाड्यांनी माल फिरवला जाई. गर्दीच्या काळात तिथे ३,४००हून अधिक माणसे होती, आणि जेवायला कोणी खाली उतरू नये म्हणून वेगवेगळ्या मजल्यांवर उपाहारगृहे काढली होती. सांगाडा आठवड्याला साडेचार मजल्यांच्या सरासरीने चढला. जागेसह पाच कोटी डॉलरचा अंदाज होता, खर्च सुमारे चार कोटी दहा लाखांवर थांबला. अर्थात मंदीने मजुरी आणि मालाचे भाव पाडले होते, ते श्रेय ठेकेदाराला देता येत नाही.

त्या वेळी संगणक नव्हता. आजच्या प्रत्येक साईटवर जे ‘क्रिटिकल पाथ’चे वेळापत्रक लागते, ते १९५७मध्ये ड्यूपॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी तयार केले. कल्पना अशी: प्रत्येक काम कोणत्या कामानंतर सुरू होऊ शकते ते लिहायचे, प्रत्येकाचा कालावधी लिहायचा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सर्वांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतला एक दिवस लांबला की इमारत एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना थोडी ढील असते.

ऑफिसच्या इमारतीत ही साखळी अनपेक्षित ठिकाणांहून जाते. बाहेरची काच साधारण वर्षभराने येते, पण तिला धरणारे ब्रॅकेट ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसतात त्या स्लॅबच्या कडेला काँक्रीटमध्येच टाकाव्या लागतात. म्हणजे काचेचा ठेकेदार पहिल्या स्लॅबच्या आधी ठरलेला हवा. मालकाला वाटते अजून वेळ आहे, तेवढ्यात थोडी घासाघीस करू. मग पट्ट्या नसलेले चार-पाच मजले चढतात आणि नंतर प्रत्येक ठिकाणी भोके पाडून रसायन भरून अँकर बसवावे लागतात. तेही पोस्ट-टेन्शन केबल चुकवत. लिफ्टची गोष्टही अशीच आहे. ऑर्डर दिल्यापासून माल यायला महिने लागतात, आणि ऑर्डरपूर्वी शाफ्टचे नेमके माप हवे असते.

बाणेरच्या साईट ऑफिसात भिंतीवर मोठे रंगीत वेळापत्रक लावलेले आहे, पण प्लॅनिंग इंजिनिअर, पंचविशीतली एक मुलगी, त्याच्याकडे फारशी पाहत नाही. ती पाहते ते शेजारच्या पांढऱ्या फळ्याकडे. त्यावर पुढच्या सहा आठवड्यांची कामे आहेत, आणि प्रत्येकासमोर काय अडले आहे ते लाल अक्षरात. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९९०च्या दशकात साईटच्या आठवड्याच्या नियोजनाची मोजदाद केली, तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याहून थोडीच जास्त कामे त्या आठवड्यात पुरी होत असल्याचे आढळले. माणसे कामचुकार नव्हती. आधीचे काम, नकाशा किंवा माल यांपैकी काहीतरी तयार नसतानाच काम हाती घ्यायचे ठरवले गेले होते. त्यातून जी पद्धत निघाली तिचे मर्म असे, की आठवड्याचे वचन वरच्या साहेबाने द्यायचे नाही. ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या फोरमनने किंवा मुकादमाने द्यायचे, आणि अडथळा दूर झालेला असल्याशिवाय द्यायचे नाही. आपल्याकडे हे अवघड जाते. साहेबांनी विचारले की ‘हो जाएगा’ म्हणायची रीत इतकी खोल गेली आहे, की ‘नाही होणार, कारण कामाची जागा मिळालेली नाही’ असे म्हणणाऱ्या मुकादमाला शाबासकी द्यायला साईट इन-चार्जला शिकावे लागते.

छताच्या वरची जागा

आता त्या अडलेल्या स्लीव्हकडे. एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत चार मीटर उंची आहे. स्लॅब आणि बीम मिळून ६५० मिलिमीटर गेले. एसीचा डक्ट, वेष्टणासह, ४५०. खाली फॉल्स सीलिंग, दिवे, स्प्रिंक्लर यांना २५०. उरले २,६५०. त्यातून फ्लोअरिंगची जाडी वजा करा. भाडेकरूला मोकळी उंची जास्तीत जास्त हवी असते, म्हणून मधल्या पट्ट्यात प्रत्येक सेंटिमीटरवर चार जण हक्क सांगतात: डक्ट, स्प्रिंक्लरचे पाइप, केबल ट्रे आणि एसीचे निचऱ्याचे पाइप. सर्वांत हट्टी हा शेवटचा. बाकीचे वळतात, वरखाली होतात. निचऱ्याच्या पाइपला मात्र उतार लागतो. शंभरास एक उतार धरला तर तीस मीटर अंतरात तो तीस सेंटिमीटर खाली येतो आणि वाटेत येईल त्याला आडवा जातो.

पूर्वी ही भांडणे छताखाली शिडीवर उभे राहून सोडवत. जो ठेकेदार आधी आला त्याने सोयीची जागा घेतली, मागून आलेल्याने कोअर कटिंग केले. आता बऱ्याच मोठ्या कामांवर सर्व सल्लागारांचे नकाशे संगणकावर एका त्रिमिती प्रतिकृतीत एकत्र करतात आणि टक्कर कुठे होते ते आधी पाहतात. साधन चांगले आहे. पण नकाशा बदलला, की बदल सर्वांपर्यंत एकाच दिवशी पोचला पाहिजे, आणि ते माणसांनाच करावे लागते.

गुरुवारी नेमके हेच चुकले होते. अग्निशमन सल्लागाराने पाइपचा मार्ग पंधरवड्यापूर्वी बदलला होता आणि नवा नकाशा मेलने गेला होता. फिटरच्या हातात जुनाच. प्लॅनिंग इंजिनिअरने आधी ती जागा स्वतः जाऊन पाहिली, मग आरसीसी सल्लागाराच्या ऑफिसला फोटो आणि मापे पाठवली. बीमच्या मध्यउंचीवर, खांबापासून दूर, स्लीव्हभोवती जादा सळया देऊन चालेल, असे उत्तर सात वाजता आले, नकाशावर सहीसह. सुताराने फळी कापली, फिटरने रिंगा सरकवून जादा सळया बांधल्या. नऊच्या सुमारास पोर कार्डवर सहावी सही झाली. तोंडी ‘चालेल’वर हे काम झाले असते तर दोन तास वाचले असते. तिने ते होऊ दिले नाही, आणि तिचे बरोबर होते. बीममधले भोक कुठे चालते आणि कुठे नाही, हा सुताराने ठरवायचा विषय नव्हे.

शुक्रवारी पहिली गाडी वेळेवर आली, शेवटची दुपारी तीनच्या पुढे. मधे साधारण अर्धा तास गाड्या अडकल्या होत्या. तेवढ्या वेळात कडेचा माल जिवंत ठेवण्यासाठी व्हायब्रेटरवाल्यांना आणि फोरमनला उसंत नव्हती. गेटवर प्रत्येक गाडीचा स्लम्प, म्हणजे मालाचा पातळपणा, बघितला जात होता. आयएस ४५६प्रमाणे २४० घनमीटरला किमान आठ नमुने, प्रत्येकी तीन म्हणजे २४ घन, दीडशे मिलिमीटरचे. सात दिवसांचा अंदाज घ्यायला आणखी काही भरले. घनांच्या ताकदीचा खरा निकाल २८ दिवसांनी येतो. तोवर या स्लॅबवर आणखी दोन मजले चढलेले असतील. साईटवरच्या गुणवत्तेचा हा विचित्र पेच आहे: उत्तर येते तेव्हा प्रश्नावर बरेच वजन बसलेले असते. म्हणून गेटवरचा माणूस महत्त्वाचा. पातळ दिसणारी गाडी परत पाठवायचा अधिकार त्याला हवा, आणि परत पाठवल्याबद्दल संध्याकाळी कोणी त्याला बोलता कामा नये.

वरचा ताजा स्लॅब स्वतःला पेलत नसतो. दोनशे मिलिमीटर जाडीचा ओला स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो, आणि हा भार टेकूंमधून खालच्या दोन-तीन मजल्यांवर वाटला जातो. खालचे टेकू लवकर काढून वर वापरायचा मोह सेंट्रिंगच्या ठेकेदाराला नेहमी असतो, कारण साहित्य भाड्याचे असते. किती दिवसांनी काय काढायचे याचे आकडे मानकात दिलेले आहेत. टेकू मोजणारा माणूस रोज खालच्या मजल्यांवर फिरतो की नाही, हे विचारले की त्या साईटचा अंदाज येतो.

दिवाळी, छठ आणि हजेरी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा या साईटवर शांतता असेल. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते. सळई आणि सेंट्रिंगच्या गँग बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, बंगालकडच्या असल्या तर निम्मी-अधिक माणसे त्याआधी गाडीत बसतात. तिकडे गेल्यावर धानाची कापणी, घरची लग्ने. परतायला तीन-चार आठवडे जातात. नवखा नियोजक हे दिवस वेळापत्रकात कामाचे धरतो आणि मग नोव्हेंबरभर खुलासे देत बसतो. जाणता नियोजक मोठा स्लॅब आधी आटोपतो आणि त्या दिवसांत स्थानिक माणसांवर होणारी कामे ठेवतो: ब्लॉकची जोडणी, वॉटरप्रूफिंगच्या चाचण्या, साफसफाई. याच दिवसांत हवा थंड आणि कोरडी होऊन धूळ खालच्या हवेतच अडकून राहू लागते. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये धुळीचे जे नियम काढले त्यात सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतींच्या साईटभोवती ३५ फुटी पत्र्याचे कुंपण, हिरवे कापड आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे सक्तीचे केले. तेही आता वेळापत्रकात आणि खर्चात धरावे लागते.

माणसे परत येतील की नाही हे बरेचसे लेबर कॅम्पवर अवलंबून असते. पाणी किती वाजता येते, संडास किती माणसांमागे एक, पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये श्वास घेता येतो का. सहाव्या मजल्यावरच्या फिटरला तळमजल्याच्या संडासात जाऊन यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दर दोन-तीन मजल्यांवर तात्पुरती सोय केली तर माणसाला मान मिळतो आणि दिवसाचे कामही वाढते. स्टारेट बंधूंनी उपाहारगृहे वर नेली त्यामागे हाच हिशेब होता.

बांधकाम कामगारांसाठी १९९६मध्ये कायदा झाला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमा होतो, आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. प्रमाणपत्र देणारा मालक किंवा ठेकेदार मात्र दर काही महिन्यांनी बदलतो, त्यामुळे ९० दिवसांचा पुरावा जमवतानाच कामगार पुढच्या साईटला जातो. मुलांचेही तसेच. रजनी परांजपे यांनी १९८८मध्ये मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यातही साईटवरच्या मुलांपर्यंत शाळा नेते. इमारत वर चढताना ही मुले तिथे असतात, काच लागायच्या आत निघून गेलेली असतात. पाळणाघरासाठी एक स्वच्छ खोली, पाणी आणि कुंपण हे पहिल्या दिवसाच्या साईट आराखड्यात क्रेनच्या जागेइतकेच ठळक काढलेले असले पाहिजे.

बिल

कामाचा वेग बघायचा असेल तर बिले कधी निघतात ते बघावे. महिनाअखेरीला ठेकेदार झालेल्या कामाची मोजणी मांडतो, सल्लागार तपासतो, मालक पैसे देतो, काही टक्के रक्कम दोषदुरुस्तीसाठी राखून ठेवली जाते. मालकाकडून मुख्य ठेकेदार, त्याच्याकडून लेबर ठेकेदार, मग मुकादम आणि शेवटी कामगार असा तो पैसा उतरतो. वरच्या पायरीवर पंधरा दिवस उशीर झाला, तर खालच्या पायरीवर गँग दुसऱ्या साईटला गेलेली असते. नकाशा बदलल्यामुळे वाढलेल्या कामाचे बिल सर्वांत जास्त अडते. बदल सांगताना सगळे तोंडी सांगतात आणि पैसे देताना लेखी मागतात. बदलाची चिठ्ठी त्याच दिवशी, किमतीसह, सही करून घेणे हे काही मोठे शास्त्र नव्हे. पण जिथे ते होते तिथे शेवटच्या बिलाला वकील लागत नाही.

ताबा

सांगाडा उभा राहिला की बाहेरच्यांना वाटते इमारत झाली. आतल्यांना कळते की आता ठेकेदारांची संख्या दुपटीने वाढणार. भोगवटा प्रमाणपत्रासाठी अग्निशमन दलाचा अंतिम दाखला हवा, लिफ्टला विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि परवाना हवा, ट्रान्सफॉर्मर चालू हवा, सांडपाणी जोडलेले हवे. यातले प्रत्येक काम दुसऱ्यावर टेकलेले आहे. वीज आल्याशिवाय लिफ्ट आणि पंप तपासता येत नाहीत, पंप चालल्याशिवाय स्प्रिंक्लर तपासता येत नाहीत. शेवटच्या तीन महिन्यांत रंग आणि टाइल्सकडे सर्वांचे लक्ष असते, आणि प्रमाणपत्र अडते ते वीजजोडणीपाशी.

ताब्यानंतर भाडेकरूचा इंटिरियर ठेकेदार येतो. बहुतेक ऑफिस इमारती आतून उघड्याच सोपवल्या जातात. सीलिंग, पार्टिशन, कार्पेट, अंतर्गत एसी ही कामे तो करतो, भाडेमाफीचे ठरावीक महिने संपायच्या आत. पहिल्या दिवशी त्याला छताला टांगण्या लावायच्या असतात, म्हणजे शेकडो भोके. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. ड्रिलने त्यातली एक तुटली तर साठवलेला ताण सुटतो, माणूस जखमी होऊ शकतो आणि स्लॅबची ताकद तेवढ्या पट्ट्यात कमी होते. केबल कुठून कशी गेली आहे ते दाखवणारे, प्रत्यक्ष झालेल्या कामाप्रमाणे दुरुस्त केलेले नकाशे म्हणूनच लागतात. गुरुवारी रात्री बदललेली ती स्लीव्हही त्यात आली पाहिजे. हे नकाशे शेवटी एकदम करायचे म्हटले की कोणाला आठवत नाही. बाणेरच्या साईटवर प्रत्येक स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी, फोटोंसह, ते पुरे करतात, आणि सेंट्रिंग निघाल्यावर छताच्या खालच्या बाजूला केबलच्या रेषा रंगाने आखतात. ताब्याच्या करारात एक कलमही टाकले आहे: इंटिरियर ठेकेदाराने त्या मजल्याचा केबल-नकाशा घेऊन सही केल्याशिवाय त्याला ड्रिल वर नेण्याचा गेटपास मिळणार नाही.